लालासाहेबांनी निवडलेली विलायत

सांगलीत विलायतेला जाऊन आलेली माणसं त्या काळी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच होती, आणि त्या बोटांतला अंगठा म्हणजे लालासाहेब माने. बाकीची बोटं परत आल्यावर कामाला लागली. हा एकटा वेगळा उभा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लालासाहेब काही वर्षं इंग्लंडात राहून आले. तिथल्या सगळ्यात थोर विद्यापीठात ते दाखल झाले होते, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर लगेच सांगत. कधीकधी ओळख होण्याच्या आधीही. दाखल झाल्यावर पुढं काय झालं हे मात्र विचारायची सोय नव्हती. विचारलंच, तर "तिकडं पदवीला कोण विचारतं? वातावरण महत्त्वाचं" असं उत्तर मिळे. त्या वातावरणात त्यांच्या वडिलांचा कडेगावचा ऊस कैक हंगाम विरघळला होता. हाती आला तो एक काळा लोकरी ओव्हरकोट. वर्षातून एकदा तो उन्हाला घातला जाई, आणि घराला मागं मोठं परसू असूनही दोरी बांधली जाई ती रस्त्याच्या बाजूलाच.

एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ पोरांना परदेशी विद्यापीठं निवडून देई. पोहायला न येणाऱ्यानं कृष्णेच्या घाटावर तालीम उघडावी, तसलाच प्रकार. तरी लोक येत. आमच्याकडं माणसानं काय आणलं हे बघत नाहीत, कुठून आला एवढंच बघतात.

सेहेचाळीस साली पायगोंडा मगदूम त्यांच्या तावडीत सापडले. पायगोंडा हळदीचे आडते. बाजारात त्यांच्याइतका चिवट माणूस नव्हता. हळदीचा भाव ठरायचा तो रुमालाखाली. दोघांनी रुमालाआड हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि मूठ आवळली की सौदा पक्का. मग भाव कोसळो की चढो, आवळलेली मूठ पुन्हा उघडायची नाही. पायगोंडांची मूठ दिवस मावळेपर्यंत आवळत नसे.

त्यांचा मुलगा बाहुबली. गणितात असा, की मास्तर फळ्यापासून बाजूला होऊन त्याला जागा देत. इंग्रजीत असा, की त्याच मास्तरांनी डोळे मिटावेत. बी.एस्सी.च्या परीक्षेत गणितात पहिला आला आणि इंग्रजीसाठी पुन्हा बसला. त्याला साखर करण्याचं शास्त्र शिकायचं होतं. परगावच्या एका कारखान्यात रस उकळताना बघून पोरगा त्या कढयांच्या प्रेमातच पडला होता. यंदा गेला नाही, तर पुढच्या वर्षी त्याला दुकानाच्या गादीवर बसवायचं आणि लग्न उरकायचं, हे पायगोंडांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

लालासाहेबांनी गादीवर मांडी घातली, आणि तीन विद्यापीठं निघाली. त्यांची नावं दुकानात कुणाच्या जिभेला वळेनात, म्हणून पायगोंडांनी सुनांसारखी नावं ठेवली. इंग्लंडातली, लालासाहेब जिथं दाखल झाले होते, ती थोरली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरातली ती मधली. आणि अमेरिकेतच कुठंतरी शेतांच्या मध्ये, बिटापासून साखर करायला शिकवणारी ती धाकटी. ही धाकटी बाहुबलीनंच कॉलेजच्या वाचनालयातून शोधून आणली होती.

"बीट?" लालासाहेबांनी नाक मुरडलं. "अरे, शिकायला जायचंय का भाजी विकायला? नाव सांगितल्यावर सांगलीत चार माणसं उठून उभी राहिली पायजेत."

"पण लालासाहेब, साखर तिथंच शिकवतात," बाहुबली म्हणाला.

"साखर काय, कुठंबी शिकता येती!"

"मग इंग्लंडात ऊस लावत्यात का?" पायगोंडांनी विचारलं.

"आवं पायगोंडा, तिकडं वातावरण असतं!"

धाकटी कटाप झाली. उरल्या दोघींना लालासाहेबांनी असलं भरजरी इंग्रजी लिहिलं, की ते बाहुबलीचं नाही हे आंधळ्यालाही दिसावं. गणिताचे गुण ठळक लिहिले. इंग्रजीबद्दल एवढंच, की असं इंग्रजी या भागात पूर्वी कुणी पाहिलेलं नाही. म्हटलं तर खरंच होतं.

थोरलीनं सगळ्या विषयांचे गुण मागितले. लालासाहेबांना हा अपमान वाटला. घरंदाज माणसं असं विचारत नाहीत, म्हणून त्यांनी उत्तरच पाठवलं नाही. थोरली गेली.

मधलीनं मात्र होकार दिला. लढाईवरून परतलेल्या सोल्जरांनी तिथले वर्ग भरून गेले होते, तरीही दिला. अट एकच होती : इंग्रजीचा एक जादा वर्ग करावा लागेल. बाहुबली हरखला. पायगोंडा हरखले नाहीत.

"पैल्या बोलीला माल सोडत्यात व्हय?" ते म्हणाले. "लालासाब, लिवा. म्हनावं, दुसरीकडनं बी मागनी हाय. अट काढा, मग बोलू."

आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाला धमकी द्यायची संधी आलेली पाहून लालासाहेबांची छाती फुगली. त्यांनी लिहिलं. मधलीचं उत्तर आलं : दुसरीकडे जागा मिळाल्याबद्दल अभिनंदन, तुमची जागा आम्ही दुसऱ्याला दिली आहे.

पायगोंडांनी कागद उलटून मागं आणखी काही बोली आहे का ते पाहिलं. गिऱ्हाईक उठून चाललं, की त्याला परत हाक मारायची असते. समुद्रापलीकडं हाक कशी मारायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लालासाहेब म्हणाले, "बघा, अमेरिकनच शेवटी. संस्कार न्हाईत."

त्यानंतर बाहुबलीनं कुणाला न विचारता धाकटीला स्वतः लिहिलं. चुकांनी भरलेलं, पण स्वतःचं. गणित चांगलं आहे, इंग्रजी वाईट आहे, ते या पत्रावरून दिसेलच, साखर शिकायची आहे. धाकटीनं कळवलं : ये. इंग्रजीला पहिल्या वर्षाच्या पोरांत बसावं लागेल. हंगामात कारखान्यात राबावं लागेल.

उत्तर आलं तेव्हा दुकानात सौदा चालू होता. पायगोंडांचा रुमाल गुडघ्यावर, समोर व्यापारी, बाजूला लालासाहेब चहा घेत बसलेले. बाहुबलीनं वाचून दाखवलं.

"आता हिला काय बोली लावावी?" पायगोंडांचे डोळे चमकले. "पैलं वरीस सोडा म्हनावं. आनि ते राबायचं..."

"बरोबर," लालासाहेब म्हणाले. "मी लिहितो."

बाहुबली पुढं वाकला, रुमालाखाली हात घातला आणि बापाची मूठ करकचून आवळली.

"आप्पा, सौदा झाला."

पायगोंडांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. समोरचे व्यापारी बघत होते. आवळलेली मूठ मागं घेतली, तर उद्या कोण हात देणार?

"झाला रं बाबा," ते पुटपुटले. मग व्यापाऱ्यांकडं वळून ओरडले, "बघताय काय? माझंच पोरगं हाय! पैल्या बोलीला गेलं!"

मिरजेच्या स्टेशनवर पोचवायला दुकानातले आम्ही सगळे गेलो. लालासाहेबही आले, आणि गर्दीत मोठ्यानं म्हणाले, "सांगायला लाज वाटावी अशी जागा घेतलीस बाहुबली. सांगलीत कोण उठून उभं राहणार?"

बाहुबलीचाही तोल गेला. "लालासाहेब, त्यांनी माझं वाईट इंग्रजी वाचून मला घेतलंय. तुमच्या थोरलीनं तुमचा एक तरी पेपर वाचला होता का?"

लालासाहेबांनी टोपी सारखी केली. "न्हाई वाचला," ते म्हणाले. "म्हणून तर मला घेतलं."

गार्डानं शिट्टी मारली. तेव्हा लालासाहेबांनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत ओव्हरकोट होता, डांबरगोळ्यांचा वास मारणारा.

"बाकीचं ऱ्हाऊ दे. थंडी मात्र खरी असती रं. तेवढं मला ठाव हाय."

पायगोंडांनी सवयीनं बाही बोटांत चोळून पाहिली. "माल जुना हाय," ते म्हणाले. पण बाहुबलीनं ऑगस्टच्या उकाड्यात तो कोट अंगात घातला, आणि घामानं निथळत गाडी वळेपर्यंत दारात उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात जतकडचा एक मेंढरंवाला मुलाला घेऊन दुकानात आला. लालासाहेब मांडी घालून बसलेच होते.

"बाहुबलीला अमेरिकेत कुणी घातला? मीच!" ते सांगत होते. "तुला मात्र आपण थोरलीच बघू. फकस्त थंडीचं तुझं तू बघ गड्या. कोट आता न्हाई माझ्याकडं."