भिंतीपलीकडची कोरियन शिकवणी

बेलापुरात शिरून कुणालाही जपान मास्तरांचं घर विचारा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. गोरक्षनाथ हे त्याचं खरं नाव आता रेशनकार्डापुरतं उरलंय. तरुणपणी पुण्याच्या एका कारखान्याने त्याला मशीन शिकायला सहा महिने जपानला धाडलं होतं. गडी मशीन तर शिकलाच, वर भाषाही घेऊन आला. पुढे नोकरी सुटली, भाषा राहिली. मग गावी येऊन घराच्या पुढच्या खोलीत त्याने जपानीची शिकवणी काढली. सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्या आल्या तशी श्रीरामपूरहून पोरं मोटारसायकलींवर येऊ लागली. भिंतीवर जपानी वकिलातीतून दरवर्षी येणारं बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. दारात चपला काढायच्या, कमरेत वाकायचं, 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायचं, तेव्हा कुठे आत बसायला मिळायचं. गावात एकुलता एक परदेशी जाऊन आलेला माणूस म्हणून त्याचं बरं चाललं होतं.

मग भिंतीपलीकडे सविता सून म्हणून आली.

भिंतीपलीकडे राहतो गोरक्षनाथचा थोरला चुलतभाऊ काकासाहेब. आजोबांच्या वेळचं घर एकच. वाटणीत मधोमध भिंत आली, एवढंच. एका घरातल्या फोडणीचा ठसका दुसऱ्या घरात लागतो, पण दोघा भावांचं बोलणं गोरक्षनाथच्या पोरीच्या, पूजाच्या, जन्माआधीपासून बंद. कारण विचारलं तर गाव म्हणतं, बांध. कुणी किती बांध कोरला हे आता त्या बांधालाही सांगता येणार नाही.

सविता ही काकासाहेबाची सून. गाईंना चारा टाकता टाकता मोबाईलवर कोरियन मालिका बघायची. आधी हिंदीतून, मग मूळ भाषेतून. बघता बघता तिने भाषा उचलली, कोरियन सरकारची भाषेची परीक्षा दिली आणि ओसरीवर शिकवणी काढली. शिवाय गोठ्यात उभी राहून मराठीतून कोरियन शिकवायचे व्हिडिओ करायची. मागे गाय रवंथ करतेय आणि ही बाई सोलच्या भाषेत 'जेवलात का' म्हणतेय. तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला. श्रीरामपूरच्या पोरी रिक्षा करून येऊ लागल्या. पोरींमागे पोरं आली. त्यांतली निम्मी गोरक्षनाथच्या दारावरूनच पलीकडे वळली, आणि वळताना 'सेन्सेई' म्हणून मान लववायलाही विसरली नाहीत. तेच त्याला जास्त झोंबलं.

जळफळाट म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. संध्याकाळी हा फळ्यावर क्रियापदं लिहायचा आणि भिंतीपलीकडून खदखदा हसणं यायचं. 'शिकवणीत हसतंय कोण?' तो बायकोला विचारायचा. 'भाषा हाय का तमाशा?' केशर गप्प बसायची, कारण दुपारी ती आणि पूजा, दोघी त्याच कोरियन मालिका बघत असत. कधी कधी तो कान भिंतीला लावून बसे. शिव्या द्यायला सोपं जावं म्हणून, असं तो स्वतःला सांगे.

एकदा पूजाने चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे केला.

'हे काय नवीन?'

'कोरियात मोठ्यांना असंच देतात, पप्पा.'

'जपानातबी देतात!'

'मग तुमी कधी सांगितलं न्हाई.'

तो चहा त्याला कडू लागला. खरं दुखणं निराळं होतं आणि ते त्याला चांगलं कळत होतं. त्याच्याकडे पोरं नोकरीसाठी यायची, सविताकडे आवडीने. त्याने इतकी वर्षं पगाराचं आमिष दाखवून जपान विकला. हिने काहीच न विकता घराघरात कोरिया नेऊन बसवला. दिवाळीनंतर त्याच्या खोलीत तीन पोरं उरली. ती गेली की शिकवणी बंद, आणि शिकवणी बंद म्हणजे जपान मास्तरही बंद. मग उरणार नुसता गोरक्षनाथ, आणि त्याला कोण विचारतो?

एक आधार मात्र होता. जपान्यांना कोरियाचं कौतुक असणं शक्यच नाही, याची त्याला खात्री होती. जपानने कोरियावर राज्य केलेलं, तो सल दोन्हीकडे अजून ठसठसतोय. जपानातला त्याचा साहेब तर कोरियाचं नाव काढलं की विषय बदलायचा. म्हणून त्याने बेत रचला. सुप्याच्या कंपनीतले नाकागावा साहेब आणि त्यांची बायको युकारी मॅडम यांना आपल्या मळ्यात हुरड्याला बोलवायचं. सगळ्या गावासमोर फेटा बांधायचा, आपण फाडफाड जपानी बोलायचं, पोरांनी मोबाईलवर काढायचं. बघू मग पलीकडे कोण हसतंय ते. साहेब हो म्हणाले. गोरक्षनाथने टोपी घातली आणि घरोघर जाऊन उंबऱ्यावर उभं राहून रीतसर आवतन दिलं. एकच उंबरा सोडला. तो कुठला, हे गावाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. येतोच आहोत, फक्त एक विनंती. युकारीला तुमच्या गावातल्या एका मुलीला भेटायचंय. ती गोठ्यातून कोरियन शिकवते ना, ती. युकारी स्वतः मालिका बघून कोरियन शिकलीय, त्या मुलीचा एकही व्हिडिओ चुकवत नाही. खरं तर ती त्या मुलीसाठीच येतेय.

गोरक्षनाथच्या पायाखालची जमीन सरकली. थेट जपानातून आलेली बाई, आणि तिलाही भिंतीपलीकडचंच हवं! बराच वेळ तो कॅलेंडरावरच्या डोंगराकडे बघत बसला, डोंगरानेच दगा दिल्यासारखा. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मग त्याने पूजाकडून नंबर घेतला आणि सविताला फोन लावला. दोन घरांत एक भिंत, आणि हा फोन लावतोय! रिंग त्याला भिंतीतून ऐकू आली.

'सविता, मी गोरखतात्या. उद्या हुरड्याला ये. तुला आवतन हाय.'

'तात्या, मला यायचंय वो. लई यायचंय. पर आवतन घरातल्या मोठ्याला द्यायचं असतं, मामंजींना. आन् फोनवर न्हाई, उंबऱ्यावर यून. तुमीच समद्या गावाला तसं दिलं की.'

'जपानी मॅडम तुझ्यासाठी थांबलीय.'

'थांबू द्या. मामंजींना सोडून मी न्हाई यायची.'

कालची पोर आपल्याला रीत शिकवते, म्हणून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. 'मरू दे मग,' असं तो केशरला म्हणालाही. केशरने खुंटीवरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. शिकवणी राहावी असं वाटत असेल तर जा, असा त्या टोपीचा अर्थ होता.

अंतर किती, तर दहा पावलं. ती चालायला त्याला घरभर तीन चकरा माराव्या लागल्या. काकासाहेब ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

'दादा,' गोरक्षनाथ म्हणाला. हा शब्द इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडातून निघाला. 'उद्या मळ्यात हुरडा हाय. समद्यांनी यायचं.'

'समद्यांनी?'

'व्हय.'

'म्हंजी मीबी?'

'तुमीबी, दादा.'

काकासाहेबाने तंबाखू तोंडात टाकली. 'बरं,' म्हणाला. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मळ्यात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं खुपसली. फेटे बांधून झाले, आणि गोरक्षनाथ घसा साफ करून उभा राहिला. तेवढ्यात युकारी मॅडमने सविताला ओळखलं आणि फेटा सावरत तिच्याकडे जवळजवळ पळतच गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि ज्या कोरियनमध्ये सुरू झाल्या, त्या थांबायलाच तयार नाहीत. बाया, पोरी, सगळा घोळका त्यांच्याभोवती. सविता मध्येच वळून मराठीत सांगायची, की मॅडमच्या आईने जन्मभर कोरियन माणसाला घरात घेतलं नव्हतं. पुढे एकटी पडल्यावर म्हातारी कोरियन मालिका बघायला लागली, नटाच्या प्रेमात पडून सोलला गेली, आणि तिथे खाणावळवाली एक मैत्रीण करून आली. आता दर हिवाळ्यात एकीकडून कोबीचं तिखट लोणचं जातं, दुसरीकडून आंबट आलुबुखारं येतं. दोन्ही सरकारांना जमलं नाही ते दोन म्हाताऱ्यांनी केलं. बाया हसत होत्या, केशर डोळे पुसत होती, पूजा सगळं मोबाईलवर काढत होती.

जपान मास्तरच्या जपानीची कुणालाच गरज नव्हती. जपानी बाई कोरियनमध्ये बोलत होती आणि सविता ते मराठीत आणत होती. आपल्याच मळ्यात तो बिनकामाचा झाला. त्याने एक कणीस उचललं आणि उगाच इतक्या जोरात चोळलं की तळहात पोळले.

शेजारी नाकागावा साहेब गुळाचा खडा घेऊन मुकाट बसले होते. ते हळूच जपानीत बोलले, 'घरीही असंच असतं. संध्याकाळी ती आणि तिची आई फोनवर त्या मालिकेवर बोलतात, आणि मी एकटा जेवतो. खरं सांगू, सेन्सेई? हेवा वाटतो.'

एवढ्यात काकासाहेब उठून आला आणि दोघांसमोर बसला. 'गोरख, काय म्हनतोय त्यो सायब? मला कोरियन कळत न्हाई आन् जपानीबी. तू सांग.'

दिवसभरात त्याला कुणी पहिल्यांदाच 'सांग' म्हटलं होतं. 'हेवा वाटतो म्हनतोय, दादा. दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघून.'

'कुनाला? त्याला, का तुला?'

गोरक्षनाथने निखाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, 'मलाबी.'

काकासाहेबाने हातातला हुरडा पाखडला, फुंकर मारून भुसकट उडवलं, आणि दाणे भावाच्या पोळलेल्या तळहातावर ठेवले. 'मलाबी हुता,' तो म्हणाला. 'तू इमानात बसला तवापासून. मी वाट बघत हुतो, गोरख यील, काय काय बघितलं ते सांगंल. आल्यावर तू आख्ख्या गल्लीत घरोघर फिरून जपानचे कागदी पंखे वाटलेस. माझा पंखा तेवढा केशरच्या हाती धाडलास. बांधाचं निमित्त म्यां मागनं काढलं. कायतरी काढायला लागतंच की.'

गोरक्षनाथला तो पंखा आठवतही नव्हता.

'काय म्हणाले तुमचे भाऊ?' नाकागावा साहेबांनी विचारलं.

गोरक्षनाथ जपानीत वाक्य जुळवून म्हणाला, 'म्हणतात, मी तेव्हा स्वतः त्यांच्या दारात जायला हवं होतं.'