काचपेटीतला महादेव

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात घागरी रिकाम्या होत्या आणि काचपेटी काठोकाठ भरलेली होती. पेटीत मासे असते तर मुक्या जिवांसाठी ठेवलंय असं तरी म्हणता आलं असतं. पण माझ्या पेटीत फक्त झाडं होती. पाण्याखाली वाढणारी, फूल न येणारी, भाजी न होणारी झाडं. आलेल्या पाहुण्याला हे समजावून सांगताना घसा कोरडा पडायचा, आणि मग पाणी प्यायची लाज वाटायची.

सुरुवात एका पानापासून झाली. नांदेडच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला जावा फर्नचं पान दिलं होतं. या झाडाचं पान म्हातारं झालं की त्यावर काळे ठिपके येतात आणि ठिपक्यांतून मुळांसकट चिमुकली रोपं फुटतात. ती खुडून काळ्या दोऱ्यानं दगडाला हलकी बांधायची. मातीत पुरली तर कुजतात, दगडावर मात्र सावकाश मुळं रोवतात. ते पान मी ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून एसटीनं आणलं. वाटेत डबा उघडून पाहिला तर शेजारचा प्रवासी म्हणाला, "पालक हाय का? नासलाय, टाकून द्या."

त्या एका पानापासून पुढं निम्मी पेटी भरली. मग दुष्काळ आला.

बायको म्हणाली, "मी टँकरपाशी बायांशी भांडते, आन तुम्ही घरात तळं राखून ऱ्हायलात."

रविवारी पेटी रिकामी करून पाणी संडासाला वापरायचं ठरलं. आणि शनिवारी नांदेडहून सहकाऱ्याचा फोन आला. उन्हानं त्याची सगळी झाडं वितळली होती. वितळली, हाच शब्द त्यानं वापरला. "तुझ्याकडं जगलंय ना? एक पिल्लू राख माझ्यासाठी. आता दुसरीकडं कुठं न्हाई ते."

मला त्या क्षणी कुणीतरी रागवायला हवं होतं. म्हणजे मग मी गुन्हेगार ठरलो असतो आणि पेटी ओतणं सोपं गेलं असतं. म्हणून मी शेजारी गेलो. शेजारचे काका-काकू मूळ उदगीरचे. काकांचं कापडाचं दुकान होतं, आता ते मुलगा बघत होता. काका ओट्यावर दाढी करत होते.

"काका," मी म्हणालो, "आख्खी गल्ली तहानलेली आणि माझ्या घरात एवढं पाणी नुसतं उभं आहे. मला झोप लागत नाही."

"झोप कुणाला लागून राहिली, साहेब? पंखा चालू असतोय का?"

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "शिवा शिवा! घंगाळातलं पाणी कुणी घेतलं?"

काकूंनी देव पाण्यात घातला होता. देव म्हणजे त्यांच्या आईनं दिलेला नदीतला काळा गोटा, त्यांचा महादेव. आमच्याकडं पाऊस लांबला की देव पाण्यात घालतात, आणि पाऊस पडेपर्यंत काढत नाहीत. देव गुदमरला की पाऊस पाडतो, असा साधा विचार.

"देवाचं पाणी दाढीला घेतलं व्हय?" काकू दारात आल्या.

"दोनच वाट्या घेतल्या. त्यानं महादेव काय बुडला न्हाई. उलट वर आला."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भाऊ, तुमची पेटीच बरी. ते पाणी कुणी पीत न्हाई. आन दाढीला बी घेणार न्हाई."

तासाभरात महादेव माझ्या पेटीत, फर्नच्या झुपक्याशेजारी जाऊन बसला. माझ्या झाडांचे दगडही काळेच होते. बायकोनं लांबून नमस्कार केला आणि स्वतःच म्हणाली, "देव आत हाय तोवर पेटीला हात लावायचा न्हाई."

मला आनंद झाला. इतका, की मला माझी किळस आली.

पुढचं मला आजही नीट पेलत नाही. उन्हानं पेटीतलं पाणी आटायचं आणि देवाचा माथा उघडा पडायचा. मग गल्लीतल्या बाया आपल्या वाट्याच्या पाण्यातून तांब्या-तांब्या आणून पेटीत ओतू लागल्या. ज्यांच्या घरी पाणी वाचवायला भांडी राखेनं घासली जात होती, त्या माझ्या झाडांना पाणी घालत होत्या. मी एकीला स्पष्ट सांगितलं, "मावशी, हे पाणी खरं तर माझ्या झाडांना जातं."

"जाऊ द्या की. देवाला सावली हाय त्यांची."

"मी हे माझ्या हौसेसाठी केलंय, मावशी."

"मग काय झालं? हौस कुणाला नसती?" असं म्हणून तिनं वरून हळद-कुंकू टाकलं.

त्या हळदी-कुंकवानं आणि बेलाच्या पानांनी पाणी नासलं. माझी झाडं एकेक करून पिवळी पडली, मग काळी झाली. पाणी बदलणं अशक्य होतं, कारण आता ते तीर्थ होतं. मला मनातून बरं वाटलं, की चला, शिक्षा झाली. पण नांदेडचा फोन आठवला की मी पेटीवर वाकून कुठं हिरवं उरलंय का ते शोधायचो.

संध्याकाळी काका आणि गल्लीतली मंडळी पेटीसमोर बसायची. उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती.

"जिल्हा होऊ द्या, मग बघा पाणी," काका म्हणायचे.

"लातूर जिल्हा झाला तवा काय आलं?"

"कलेक्टर आला."

"आन पाणी?"

"ते आता रेल्वेनं आलं की! जिल्हा नसता तर रेल्वे थांबली असती का?"

यावर सगळे महादेवाकडं बघायचे. तो काही बोलायचा नाही.

शेवटी एकच धड कोंब उरला. मी तो खुडला आणि पेटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपडत एका दगडाला दोऱ्यानं बांधला. पाणी लालसर गढूळ होतं, दिसत काही नव्हतं. दोन दिवसांनी गाळ बसला तेव्हा कळलं, की मी कोंब महादेवाला बांधला होता.

मी पळत जाऊन काकूंना सांगितलं. पाया पडलो. त्या आल्या, वाकून बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कुठं बांधलं, भाऊ? त्यानं बांधून घेतलं."

माझा अपराध मानायला गल्लीत कुणीच तयार नव्हतं.

आता मात्र मी खरंच अपराधी झालो. कोंबाला मुळं धरायला वेळ लागतो. आणि पाऊस पडला की देव जाणार. रोज दिवा लावताना बायको म्हणायची, "देवा, लवकर येऊ दे." मी शेजारी हात जोडून उभा असायचो आणि मनात म्हणायचो, जरा थांब. आख्ख्या मराठवाड्यात पाऊस लांबवा म्हणणारा माझ्याइतका हीन माणूस दुसरा नसेल.

देवानं माझं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पाऊस आला तो उशिराच आला.

पत्रे वाजायला लागल्यावर काकू चिंब भिजत देव न्यायला आल्या. मी ब्लेड खिशात ठेवलं होतं. महादेव बाहेर काढला तर मुळांनी त्याला सगळीकडून आवळलं होतं, वर तीन हिरवी पानं. कापलं तर पानं हाती लागली असती, पण त्या कोवळ्या कोंबाची मुळं गोट्यावरच राहिली असती आणि तो जगला नसता. आणि ते पातं त्यांच्या आईच्या देवावर चालवायचं होतं. काकूंनी माझ्या खिशाकडं गेलेला हात बघितला.

"खरडायचंय का? खरडा. झाड तुमचं हाय."

"न्या तसाच," मी म्हणालो. "फक्त त्याला कोरडं पडू देऊ नका."

"महादेवाला कुणी कोरडं ठेवतंय का?"

काकूंनी देव्हाऱ्यात वर तांब्याचं भांडं टांगलं आणि त्यातून थेंब-थेंब धार धरली. काका म्हणाले, "आमच्या दाढीला पाणी न्हाई, याच्या झाडाला हाय." आमच्या पेटीत बायकोनं कांदे भरले. मी फोनवर नांदेडला सांगितलं, की पिल्लू राखता आलं नाही.

दिवाळीनंतर काकूंनी हाक मारली. "भाऊ, या जरा. देवाला काळे डाग पडलेत. रोग हाय का?"

महादेवावरचं सगळ्यात जुनं पान झुकलं होतं. त्यावर काळे ठिपके होते आणि एका ठिपक्यातून नखाएवढं रोप लोंबत होतं, विभूतीनं पांढरं झालेलं. काकूंनी ते प्रसादासारखं उजव्या हातानं माझ्या ओंजळीत ठेवलं.

मी ते ओल्या फडक्यात, डब्यात घालून नांदेडला नेलं. सहकाऱ्यानं नवी पेटी मांडून ठेवली होती, कशाच्या आशेवर कोण जाणे. त्यानं विचारलं, "खत कोणतं घातलंस?" मी सगळं सांगितलं. गल्लीचे तांबे, ब्लेड, आणि पाऊस लांबवा म्हणालो तेही. मला वाटलं, हा तरी रागावेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चपला काढल्या, हात-पाय धुऊन आला, आणि पेटीतला एक काळा दगड उचलून मला विचारलं, "याला चालेल का रे हा?"