उदास? आमका वेळ खंय?

मी पणजीची, नवीकोरी काउन्सेलर! दर बुधवारी डिचोलीत म्हाताऱ्या मंडळींशी बोलायला जाते. बहुतेक जण तरुणपणी सिंधुदुर्गातून खाणीवर आलेले, मग इथलेच झालेले. परतताना बसमध्ये मी एकटीच हसते, तर शेजारचे सीट बदलतात! म्हणून आता तुम्हीच ऐका.

पहिल्याच दिवशी विचारलं, "कोणाकोणाला उदास वाटतं?"

तानूआक्का म्हणाल्या, "बाय, आमका उदास होवक वेळ खंय?"

"मग आलात कशाला?"

"पंख्याखाली बसूक!"

सगळे खो खो हसले. भिकाजीकाका सोडून. बायको गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही, आणि आता जेवणही सुटलेलं. माझी खरी काळजी तीच.

मग डिप्रेशन समजावलं. झोप नाही, बोलणं नाही, कशात मन नाही...

तानूआक्का: "ह्या सगळा माझ्या घोवाक लग्नाच्या दिवसापासून आसा!"

सखारामकाका पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचे. आता मुलाच्या कारमध्ये बसले की घामाघूम, पाय सारखा खाली दाबतात. म्हटलं, "काका, भीती वाटते?"

"भीती कसली गो? झील गाडी चलयता, मी थांबयतंय!"

पाववाला पोदेर जरा उशिरा आला, की तानूआक्का घाबरून वास्कोच्या मुलाला फोन लावतात. मी म्हटलं, "पोदेराचा आणि मुलाचा काय संबंध?"

"पोदेर रोज येता, म्हणान त्याका उशीर झालेलो कळता. झील येयतच नाय. त्याका उशीर झालो तर माका कसा कळतला?"

आणि परवा तर कहरच! भिकाजीकाकांसमोर माझे सगळे उपाय संपले. सखारामकाका उठले, "बाजूक सर गो बाय, गाऱ्हाणा घालूया." म्हणजे गावच्या देवळात घालतात तसं. एकाने देवाला दुःख सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. माझ्या टेबलावर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो भिकाजी, बायल गेल्यापासून मुको झालो!"

"व्हय म्हाराजा!"

"ताटातला ताटातच ऱ्हवता!"

"व्हय म्हाराजा!"

"बायल त्याची गरीब गाय! जल्मात कधी त्याच्यावर आवाज चढवक नाय..."

होकार जरा दबकत आला. तेवढ्यात कोपऱ्यातून खरखरीत आवाज!

"देवासमोर खोटा बोला नको रे, सख्या!"

भिकाजीकाका उभे! डोळ्यांतून धारा!

मग अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "व्हय म्हाराजा!"