डोळे राहिले

नगरच्या एका क्लबानं आणि पारनेरच्या तरुण मंडळानं मिळून आम्हा पेंटर लोकांसाठी शिबिर भरवलं. धंदा कसा वाढवावा, ते शिकवणार होते. शिकवलं काय, तर दिवसभर समारंभाचे फलक फुकटात रंगवून घेतले!

माझ्या शेजारी तमाशाचे पडदे रंगवणारा एकजण प्रमुख पाहुण्यांचा मोठा चेहरा काढत होता. ब्रश कानामागं खोचायचा, मागं सरून बघायचा, पुन्हा भिडायचा. डोळ्यांची जागा मात्र कोरीच.

"डोळे राहिले," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. पाव्हण्यानं आमच्या कामाकडं एकदा बघितलं, की काढतो."

पाहुणे संध्याकाळी उगवले, त्या चित्रापुढं उभं राहून कलावंतांच्या सन्मानावर तासभर बोलले आणि एकदाही मागं वळून न बघता गाडीत बसले.

चित्र आंधळंच राहिलं. पण हुबेहूब!