पट्ट्याचा जोड

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही पुण्यात राहिलो. चाळीतली एक खोली होती, नळ खाली चौकात. हे एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड-पितळ फिरवून कातायच्या मशीनवर, कामाला होते. मी पुण्यातच वाढलेली, त्यामुळे मला त्या खोलीत काही कमी वाटलं नाही. मग एक दिवस ह्यांचं आणि कारखान्यातल्या साहेबांचं वाजलं. हे दुपारीच घरी आले, डबा तसाच भरलेला, आणि म्हणाले, "सोडली नोकरी. आता गावी जाऊ. स्वतःचा लेथ टाकतो."

गाव म्हणजे मुळशीत, पौडच्या पुढे. जुन्या बाजारातून घेतलेला लेथ पौडपर्यंत ट्रकने आला आणि तिथून बैलगाडीने. गोठ्याच्या अर्ध्या भागात पत्रे टाकून ह्यांनी शेड केली. लेथ, भोक पाडायचं मशीन आणि धार लावायचं चाक, अशी तीन मशीनं. बाहेर पडवीत डिझेलचं इंजिन. इंजिनावरून एक रुंद पट्टा वर आढ्याजवळच्या लांब दांड्याला जायचा, आणि त्या दांड्यावरून तीन पट्टे खाली तीन मशीनांना यायचे. इंजिन सुरू झालं की दांडा फिरायचा, आणि ज्या मशीनचा पट्टा पुलीवर चढवला ते मशीन चालायला लागायचं.

गावात ह्यांचं बोलणंसुद्धा बदललं. पुण्यात 'आहे, नाही' म्हणणारा माणूस आठवड्यात 'हाय, न्हाई' म्हणायला लागला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या मनाने मोकळ्या होत्या, पण दिवसभर शेतात. मी घरात एकटी. करायला काम होतंच, पण माझं लक्ष कामात नसायचं. कान शेडकडे.

त्याचं कारण तो आवाज. लेथचा पट्टा चामड्याचा होता, जुनाच घेतलेला. आमच्याकडच्या पावसात भिंतींनाच ओल येते, तर चामडं कसं सुटेल? पट्टा फुगायचा, लांबायचा, पुलीवरून घसरायचा. हे पकड यावी म्हणून त्याला राळ लावायचे, नाहीतर कापून आखूड करायचे आणि लोखंडी आकड्यांनी पुन्हा जोडायचे. तो जोड पुलीवरून गेला की 'टप्' असा आवाज यायचा. टप्, टप्, टप्, दिवसभर. आवाज चालू असला की मला वैताग यायचा, आणि बंद पडला की भीती वाटायची. तुटलेला पट्टा माणसाला कसा फटका मारतो ते ह्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. आवाज थांबला की मी चुलीवरचं तसंच टाकून दारात यायचे. हे पट्टा चढवत असायचे. मी परत आत जायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर.

"अगं, बस की एका जागी," आत्याबाई म्हणायच्या. "पायाला भिंगरी लागलीया का काय तुझ्या?"

दिवाळी झाली, भातं निघाली. पौडला भाताची गिरणी चालवणारे एक मियाँभाई होते. त्यांच्या गिरणीचा एक पितळी बुश झिजला म्हणून ते ह्यांच्याकडे आले. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बांगडी. हंगाम तोंडावर होता. पुण्याला जाऊन काम करून आणायचं तर गिरणी बंद ठेवावी लागली असती, म्हणून त्यांनी ह्यांच्यावर भरवसा टाकला. ह्यांनी बुश करून दिला. तीन-चार दिवसांतच मियाँभाई तो परत घेऊन आले.

ते चिडले नव्हते. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि मग रुमालातून बुश काढून ह्यांच्या हातात दिला. "दादा, ह्यो लई गरम व्हतोय. हात लावून देत न्हाई. आतून बोट फिरवून बघा जरा."

ह्यांनी बोट फिरवलं. आतल्या बाजूला बारीक बारीक लाटा उठल्या होत्या, पाण्यावर वारा आला की उठतात तशा.  ह्यांचा चेहरा उतरला. "दुसरा करून देतो," एवढंच म्हणाले.

दुसराही तसाच झाला. तो तर ह्यांनी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नाही. तोवर मियाँभाई जुन्याच झिजलेल्या बुशावर गिरणी कशीबशी चालवत होते. नवीन कॅनव्हासचा पट्टा आणला तर फरक पडेल म्हणून पुण्याला जाऊन तो घेऊन आले. चांगला चार पदरी, कोरा. आकड्यांनी जोडून चढवला. आता घसरायचा थांबला, पण जोड होताच. टप्, टप्. तिसऱ्या बुशावरही लाटा.

त्याच आठवड्यात कारखान्यातला ह्यांचा जुना जोडीदार पुण्याहून आला. मी आत भाकरी थापत होते, दोघं ओट्यावर होते. तो म्हणाला, "साहेब बदलून गेले. तुझी जागा अजून रिकामी आहे. मी शब्द टाकलाय. महिनाअखेरीला येऊन सांग."

माझा हात थांबला. परातीतल्या पिठाकडे बघत मी ऐकत राहिले. खोली मिळेल का, तीच मिळेल का, तिथपर्यंत मनाने जाऊनही आले.

"बघतो," हे म्हणाले. "हितं तरी काय चाललंय? हातच बिघडला माझा."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. जोडीदार गेल्यावर मी खुशीत असायला हवी होती. जे मनात होतं तेच चालून आलं होतं. पण मी जेवले नाही नीट. ह्यांच्या हातचं काम मी पुण्यात बघितलं होतं. कारखान्यातले लोक घरी येऊन ह्यांना विचारायचे. हात बिघडला म्हणून हा माणूस पुण्याला परत जाणार, मान खाली घालून त्याच मशीनपुढे उभा राहणार. त्या खोलीत मग मी कशी राहणार होते? दोन दिवस मी घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि शेडमध्ये जाऊन उभी राहिले.

"काय गं?" हे म्हणाले.

"चालवा. मला बघायचंय."

त्यांनी लेथ चालवला. मी पितळ कातणाऱ्या हत्याराच्या टोकाकडे बघत होते आणि कान पट्ट्याकडे होते. जोड पुलीवर आला की टप्, आणि त्याच क्षणी हत्याराचं टोक थरथरायचं. लाट तिथेच उठत होती.

"तुमचा हात नाही बिघडला," मी म्हणाले. "हा जोड बिघडलाय."

"असंल," हे जरा तिरसटून म्हणाले. "पण जोड तर लागणारच. पट्टा काय अखंड येतो व्हय?"

 पट्ट्याची कापून उरलेली पट्टी कोपऱ्यात पडली होती, ती घेऊन मी घरात आले. चार पदर एकावर एक शिवलेले. टाके उसवले तर पदर सुटे झाले. माझी आई गोधड्या शिवायची. जुनं लुगडं पुरलं नाही की दुसरं लावायची, पण सगळे थर एकाच जागी कधी जोडायची नाही. एक थर इथे संपवायचा, दुसरा वीतभर पुढे, तिसरा त्याच्या पुढे. त्यामुळे हात फिरवला तरी जोड कळायचा नाही, आणि अंगाखाली टोचायचाही नाही. पट्ट्याची दोन्ही टोकं तशीच पायऱ्यांसारखी कापली आणि एकमेकांत बसवली, तर जाडी सगळीकडे सारखीच राहणार होती.

तुकड्यावर करून दाखवलं तेव्हा ह्यांनी तो चिमटीत धरला, वाकवला, डोळ्यांजवळ नेला. "शिवणार कशानं?"

"दाभणानं. पोती शिवतो त्या. दोरा मेणातून ओढून घेऊ."

एक अडचण नंतर लक्षात आली. अखंड शिवलेला पट्टा दांड्यावर चढणार कसा? दांडा दोन्ही बाजूंनी भिंतीत बसवलेला. म्हणजे पट्टा आधी दांड्यावरून ओवून घ्यायचा आणि लोंबत्या पट्ट्यावर तिथेच शिवायचं. ह्यांनी लेथशेजारी लाकडी बाकडं ठेवलं, मी त्यावर बसले. ह्यांनी पट्टा दोन फळ्यांत आवळून धरला आणि मी शिवलं. कॅनव्हासमधून दाभण जाईना. ह्यांनी टोकदार आरीने भोकं पाडून दिली, मी दोरा ओवत गेले. बोटांची सालं निघाली. आत्याबाई शेतातून आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय चाललंय ह्ये? मशीनला गोधडी शिवताय व्हय?"

"व्हय," हे म्हणाले, आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसलेले बघत होते मी त्यांना.

पट्टा जरा आखूडच ठेवला होता. पुलीच्या कडेवर धरून हाताने फिरवत फिरवत ह्यांनी तो चढवला. इंजिन सुरू केलं. टप् नाही. नुसता सूं असा आवाज.  थोडा वेळ चाललं, आणि मग फट्फट्फट् असं काहीतरी फडफडायला लागलं. ह्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि इंजिन बंद केलं. जोडाचं आतलं टोक सुटून लोंबत होतं.

मला रडू आलं. सगळं उगीच केलं असं वाटलं. आपण यात पडायलाच नको होतं, जायचं तर पुण्याला जावं. हे मात्र बाकड्यावर चढून त्या टोकाकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "शिवण चांगली हाय. तोंड उलटं बसलंय."

"म्हणजे?"

"गोधडी एका जागी पडून राहती. ह्याला चाल हाय. टोकाचं तोंड चालीच्या दिशेला आलं, की पुली त्याच्यात घुसती आणि उचलती त्याला. टोक मागं पाहिजे, कुत्र्याच्या शेपटागत."

दुसऱ्या दिवशी सगळं उसवलं. टोकं नव्याने कापली, दिशा बदलली, पुन्हा शिवलं. या वेळी मी टाके आतल्या बाजूला बुडवून घेतले, पुलीवर घासू नयेत म्हणून. दुपार झाली. इंजिन सुरू झालं आणि आम्ही दोघंही पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. पट्टा वर जात होता, खाली येत होता, आणि जोड कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं. आवाज एकसारखा. ह्यांनी पितळेचा तुकडा लावला.

बुश झाला तेव्हा त्यांनी तो आधी माझ्या हातात दिला. "बोट फिरव."

मी फिरवलं. आतून अगदी गुळगुळीत होता.

मियाँभाईंनी तो बसवला, गिरणी दिवसभर चालवली, आणि बुशाला हात लावून बघितला तरी चटका बसला नाही असं सांगायला दुसऱ्या दिवशी मुद्दाम आले. जाताना त्यांच्या गिरणीचा पट्टाही तसाच शिवून द्याल का म्हणून मला विचारून गेले. ह्यांना नाही, मला.

महिनाअखेर आली. हे पुण्याला जायला निघाले, टोपी घातली, आणि ओट्यावरच बसून राहिले. एसटीची वेळ होत आली होती.

"जायचं न्हाई का?" आत्याबाईंनी विचारलं.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. काय सांगून येऊ त्याला?"

"आधी तुमचं सांगा."

"मला हितं बरं वाटतं. पर तुला करमत न्हाई. मला दिसतंय ते. एवढा आंधळा न्हाई मी."

आत्याबाई समोर होत्या. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. पण मी म्हणाले, "नाही करमत."

 आत्याबाईंनी तोंड दुसरीकडे केलं.

"घरात बसून नुसता आवाज ऐकायचा, थांबला की पळत यायचं, हे मला नाही जमत," मी म्हणाले. "राहायचं तर मला शेडमध्ये काम हवं. शिवायचंच असं नाही. मशीनवरचंसुद्धा."

 मला वाटलं, आता हे चिडतात. आत्याबाईच म्हणाल्या, "मग करू दे की. नांगरामागं चालती बाई, तर ह्ये काय वाईट? पदर तेवढा आवळून घे म्हणावं."

हे पुण्याला गेले आणि नाही सांगून संध्याकाळच्या गाडीने परत आले.

मी शेडमध्ये जायला लागले. आधी भोकं पाडायच्या मशीनवर, मग धारेच्या चाकावर. आसपासच्या गावांतून लोक पट्टे घेऊन यायचे. उसाचं गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, सुताराची करवत, जिथे जिथे जोड टपटपत होता तिथून. काही जण बाईकडून पट्टा शिवून घ्यायचा म्हणून आधी हसायचे. लेथवर पहिलं काम मी केलं ते बैलगाडीच्या कण्याचं, आणि ते वाकडं झालं. दुसरं बरं झालं.

गावाला वीज आली तशी इंजिन विकलं. प्रत्येक मशीनला आपली मोटर आणि शहरातून येणारे तयार रबरी पट्टे, जोड नसलेले. ते बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पट्टे शिवायचं काम असंच संपलं आणि मला त्याचं वाईटही फार वाटलं नाही. बोटं तरी शाबूत राहिली. तोवर लेथ अर्धा दिवस माझ्याकडे असायचा आणि अर्धा दिवस ह्यांच्याकडे, आणि कुणाची पाळी म्हणून आमची रोज भांडणं व्हायची.