बरणीत मी मिसळलेल्या माद्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि तो तर आता राहिलाही नाही. चौथी शिकलेली मी, लिहायची सवय नाही. पण तोंडातून हे कधीच निघणार नाही, म्हणून लिहिते.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. निजामपुऱ्यात नसीमाआपा राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात शिकवायच्या, आणि मोठ्या पदवीसाठी माश्यांचा अभ्यास करायच्या. हो, घरात फिरतात त्याच माश्या. त्यांच्या भावाच्या कापडाच्या लूम होत्या, त्यांच्या मागच्या खोलीत आपांच्या बरण्या होत्या. एकेका बरणीत एक नर, एक मादी, मग त्यांची पिलावळ. मी आधी त्याच लूमवर कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे. सुताची धूळ छातीत जायची, खोकला थांबायचा नाही. आपांनी मला तिथून उचलून माश्यांच्या कामाला घेतलं. बर्फावर माश्या गारठवायच्या आणि निवडायच्या. नराचे डोळे जवळजवळ, मादीचे लांब लांब. मला ते पटकन जमलं. मला हुशार म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे आपा.

भाऊ दारातून विचारायचा, "क्यों आपा, आज किस मक्खी का निकाह है?"

"ये ना, निकाहाचा वकील म्हणून तूच बस," आपा म्हणायच्या.

पण ईदपर्यंत काही हाती लागलं नाही तर खोलीत लूम बसतील, हे त्याने हसत नव्हे, नीट सांगितलं होतं.

एक दिवस आपा कॉलेजात असताना मी अंजूर गावच्या गोठ्यातून आणलेल्या नराची बरणी उघडली. आतली पिलावळ सगळी नर. शंभराच्या वर – आणि मादी एकही नाही. मी घाबरले. वाटलं, काल घाईत हीच बरणी आपण निवडली, आणि माद्या दुसरीकडे टाकल्या. आता आपा काय म्हणतील? परत कांड्यांवर पाठवतील? नर-माद्या निम्मे निम्मे निघतात, एवढं मला माहीत होतं. मग मी ते निम्मे निम्मे केले. अर्धे नर उकळत्या पाण्यात टाकले, आणि तेवढ्याच माद्या दुसऱ्या बरणीतून आणून मिसळल्या.

आपांनी मोजलं, वहीत लिहिलं. मोजून झालेल्या माश्या नेहमीसारख्या उकळत्या पाण्यात गेल्या. त्यांचा बाप आधीच मेला होता.

आठवड्याने आपा सहज बोलता बोलता म्हणाल्या, "यमुना, मी काय शोधतेय सांगू? नर करणारी गोष्ट पिल्लाला बापाकडून मिळते. बहुतेक बापांकडे ती एकच, म्हणून निम्मे मुलगे. पण एखाद्याकडे दोन असल्या तर? त्याचे सगळेच मुलगे होतील. असा एक नर मला हवाय. एकच."

मी खाली मान घालून बर्फ फोडत राहिले. तेव्हा बोलता आलं असतं ना? आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

ईद जवळ आली तेव्हा आपा वही चाळत बसल्या होत्या. अंजूरच्या पानावर थांबल्या. "हे इतकं बरोबर निम्मं कसं गं?" मग माझ्याकडे बघून, अगदी हळू – "तू काही मिसळलं नाहीस ना?"

मी म्हणाले, "नाही आपा. वज्रेश्वरीची शपथ."

त्यांनी वही मिटली. माझ्या हातावर हात ठेवला. "माफ कर. मी असं विचारायला नको होतं."

ती माफी मी घेतली.

ईदनंतर बरण्या गेल्या, खोलीत लूम आले. आपांना पदवी मिळाली नाही. भाऊ मला काढणार होता, तेव्हा आपाच त्याला म्हणाल्या, "यमुना इमानाने काम करते, तिला ठेव." त्याच खोलीत, त्यांच्या शब्दावर, मी वीस वर्षं कांड्या भरल्या. आपा येता-जाता दारात थांबायच्या, खोकला कसा आहे विचारायच्या. मी म्हणायचे, बरा आहे.