काटेवाल्या व्याह्याचा नवस

आमच्या येडशीत पक्ष बदललेली माणसं पाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसलेली सापडतील. काहींनी तर इतक्यांदा बदललाय की सकाळी उठल्यावर बायकोला विचारतात, आज गळ्यात कुठलं उपरणं घालायचं. पण पायातल्या बुटाची कंपनी बदललेला पन्नाशीचा माणूस मला अजून कुणी दाखवलेला नाही. तो जन्मालाच आलेला नाही.

मी शिंगवाला. म्हणजे माझ्या बुटाच्या बाजूला हरणाच्या शिंगासारखी खूण असते. कंपनीचं नाव घेणार नाही. इतकी वर्षं पायानं फुकट जाहिरात केली, आता हातानंही करायची म्हणजे जास्त होतं. आमच्या विरोधात आहेत काटेवाले. त्यांच्या बुटावर माशाच्या काट्यासारखी नक्षी. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्या गावात माशाचा काटा पायावर मिरवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. तुम्हीच समजून घ्या.

रोज सकाळी आम्ही रामलिंगाकडं फिरायला जातो. रस्त्याच्या डाव्या कडेनं शिंगवाले, उजव्या कडेनं काटेवाले. मधून एसटी गेली तरी चालेल, पण कुणी मधून चालत नाही. गप्पा सगळ्या बुटाच्याच. एक काटेवाला सांगतो की या बुटांत त्यानं येडशी स्टेशनात रेल्वेला मागं टाकलं होतं. गाडी फलाटाला उभी होती, हे तो सांगत नाही. मी मात्र खरं तेच सांगतो. माझ्या बुटाला एकदा शेतात घोणस चावली. बुटाला ओरखडा नाही. घोणस दोन पावलं गेली, थांबली आणि पुढचे दोन आठवडे बांधावर नुसती मऊ बेडकं शोधत हिंडत होती.

अशा सुखाच्या दिवसांत माझ्या लेकीची सोयरीक आली.

लेक धाराशिवला बी.एड. करते. मुलगा जळकोटचा, तिच्याच कॉलेजात आधी शिकून गेलेला, आता नळदुर्गाला मास्तर. पोरीला पोरगा पसंत होता, पोराला पोरगी. उरलं होतं ते एवढंच की, ही कल्पना मुळात आपलीच आहे असं दोन्ही बापांना वाटायला लावायचं. ते काम माझ्या मेव्हण्यानं अंगावर घेतलं. तो दोन्हीकडं जाऊन आला, दोन्हीकडं जेवला आणि एका रविवारी जळकोटची जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

पाहुणे आले. पाय धुवायला पाणी दिलं. सगळ्यांनी अंगणात पायातलं काढलं. मी हात जोडून उभा होतो, नजर आपोआप खाली गेली. मुलाच्या बापानं काढून ठेवलेला काटेवाल्यांचा जोड. नवाकोरा, दुधाच्या घासलेल्या किटलीसारखा लखलखीत.

बायको दारातून हसत हसत, ओठ न हलवता म्हणाली, "अहो, बुटातला ब जरी काढला तर बघा."

मी नाही काढला. पोहे झाले, चहा झाला, पावसाची चौकशी झाली, उसाची झाली. मग पाहुण्याची नजर अंगणात माझ्या जोडावर गेली.

"शिंगवाले का तुमी?" त्यानं विचारलं. तुम्हाला शुगर हाय का, असं विचारतात तसं.

"पंचवीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"आसंल. ज्याची त्याची आवड." असं म्हणून त्यानं माझ्या लेकीकडं बघितलं आणि चेहरा निवळला. "पोरगी मात्र..." एवढं बोलून त्यानं हात सुपारीच्या ताटाकडं नेला. 'पसंत' हा शब्द त्याच्या ओठावर आला होता. मी स्वतः बघितला. तेवढ्यात अंगणात भांडं पडलं.

रामलिंगाची माकडं गावात येतात, हे आम्हाला नवीन नाही. हे माकड म्हणजे तर आमच्या तालुक्यातलं सगळ्यात मोठं, बसलं की तलाठ्यासारखं दिसायचं. त्यानं पाहुण्याचा डावा बूट उचलला, काखेत मारला आणि लिंबाच्या झाडावर जाऊन बसलं.

सगळे बाहेर धावले. बायकोनं केळं फेकलं. माकडानं केळं खाल्लं, साल आमच्याकडं टाकली आणि बूट दुसऱ्या काखेत घेतला. पाहुणा झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभा. मला वाटलं, आता याला राग येणार. पण गड्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"बघितलं का पाहुणं," तो म्हणाला, "दारात एवढे जोड होते. शेजारी तुमचा बी होता. जनावरानं काय उचललं?"

आता यावर गप्प बसायचं म्हणजे पंचवीस वर्षं पाण्यात. मी म्हणालो, "माझ्या जोडाला हात लावायची त्याची हिंमत झाली न्हाय."

"हिंमतीचं न्हवं. माल वळखतंय ते."

"माल वळखत असतं तर एकच कशाला नेला असता? दोन्ही नेले असते."

"दाजी, गप ऱ्हावा," मेव्हणा माझी बाही ओढत म्हणाला.

वर माकडानं बूट तोंडात घातला आणि तळवा चावायला सुरुवात केली.

"चावायलंय बघा," मी म्हणालो. "मऊ लागला."

"मऊ हायच. गुडघ्याला आराम पडतोय त्यानं."

"माझा चावला असता तर त्याचे दात खाली पडले असते."

"मग तुमच्या गुडघ्याचं काय होत आसंल," पाहुणा म्हणाला आणि माझ्या गुडघ्यांकडं असं बघितलं की ते दोन्ही एकदम दुखायला लागले.

दारात लेक ताट धरून उभी होती. मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मला दिसत होतं. पण तेवढ्यात माकड पत्र्यावर उतरलं, बुटाची नाडी दातात धरली आणि स्टेशनच्या बाजूनं निघून गेलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "जाऊ द्या पाहुणे. देवाच्या दारातलं जनावर हाय. तुमच्या पायातली पीडा नेली तेनं."



पाहुण्यानं उरलेला उजवा बूट उचलला, काखेत धरला. आता त्याच्यात आणि माकडात तसा फरक राहिला नव्हता, पण हे मी बोललो नाही, याची नोंद व्हावी. तो म्हणाला, "येतो. कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. कळवतो म्हणजे कळलं.

मी घरात पळालो. कपाटात माझा एक नवा जोड खोक्यात होता, नऊ नंबर, पाहुण्याचं मापही तेच. खोकं उघडून त्याच्यापुढं धरलं. म्हटलं, अनवाणी कसं पाठवायचं तुम्हाला. त्यानं खोक्यात असं बघितलं, जणू आत विंचू आहे.

"ह्ये घालण्यापरीस उघडा पाय बरा," तो म्हणाला आणि चालू लागला.

दुपारचं ऊन. आमच्या गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर त्या वेळी पापड टाकला तर भाजून निघतो. हा माणूस त्यावरून जीपपर्यंत गेला. मान ताठ, चेहरा शांत, आणि खाली पाय मात्र परातीतल्या लाह्यांसारखे उडत होते. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. शेजारीण बायकोला म्हणाली, "पाहुणं अनवाणी गेलं, म्हंजी मोडलं का हो?"

बायको आत आली. माझ्या ताटात भाकरी आदळली. लेक येऊन समोर बसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आप्पा," ती म्हणाली, "माकडाला तर बोलता येत नव्हतं. तुम्हाला गप्प बसता येत होतं."

यावर मी घोणशीची गोष्ट सांगितली नाही. भाकरी खाल्ली. बूट आत नेऊन कॉटखाली ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याकडं बघवेना.

दिवस कलायच्या सुमाराला मेव्हण्याचा फोन आला. तो त्यांच्याच जीपमधून गेला होता आणि आता तुळजापुरातून बोलत होता, हळू आवाजात, तोंडावर हात धरून.

"दाजी, एक भानगड झालीय."

"आणखी काय झालं?"

मग त्यानं सांगितलं ते असं. धाराशिवात त्यांनी बुटाच्या दुकानापुढं जीप थांबवली. काटेवाल्यांचा नऊ नंबर शिल्लक नव्हता. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचे दाखवले, पाहुणा दुकानातून उतरला. चपला दाखवल्या, पाहुणा जीपमध्ये बसला. तसेच तुळजापूरला आले. जीप चहाला थांबली आणि समोर कोण उभं, तर जळकोटचीच माणसं, देवीच्या दर्शनाला आलेली. पाहुण्याबरोबर रोज फिरायला जाणारी, सगळीच्या सगळी काटेवाली. त्यांनी आधी पाहुण्याचं तोंड बघितलं नाही, पाय बघितले.

"आरं, तुझं बूट कुठं हायत?"

आता हा काय सांगणार? शिंगवाल्याच्या दारात गेलो होतो, तिथं माकडानं नेला, असं सांगितलं असतं तर जळकोटात म्हातारपणापर्यंत त्याला माकड म्हणूनच हाक आली असती. त्यानं उरलेला बूट पायानंच जीपच्या सीटखाली ढकलला, देवळाच्या कळसाकडं बघितलं आणि म्हणाला, "नवस बोललोय."

"कशाचा?"

"पोराच्या लग्नाचा. अक्षता पडंपतुर पायात काय घालायचं न्हाय."

बोलला आणि फसला. त्या माणसांनी तिथल्या तिथं 'आई राजा उदो उदो' म्हटलं. एकानं कपाळाला कुंकू लावलं, एकानं हार घातला. एक तर त्याच्या भाजलेल्या पायांवर डोकं ठेवायला लागला आणि पाहुणा विव्हळला, ते लोकांना भक्तीनं कंठ दाटल्यासारखं वाटलं. तुळजापुरात, देवळासमोर, गावच्या माणसांदेखत बोललेला नवस. माझ्यासारखा माणूससुद्धा तो परत घेणार नाही, आणि मी बरंच काही परत घेतलेलं आहे.

"आता कुठं हायत पाहुणे?" मी विचारलं.

"दगडावर बसल्यात. पायाला बर्फ लावायलेत आन् विचार करायलेत."

विचार काय, तो मला इथं येडशीत बसून ऐकू येत होता. अक्षता पडेपर्यंत अनवाणी. पण अक्षता कुणावर? हाताशी आलेली मुलगी एकच, माझी. ती सोडली तर पुन्हा पत्रिका, पुन्हा पोहे, पुन्हा गावोगाव हिंडणं, आणि तेही उन्हाळ्यात, डांबरावरून, उघड्या पायांनी. माझ्या लेकीचं घराणं, शिक्षण, रंग, सगळं एका क्षणात जिल्ह्यात पहिलं आलं.

सकाळी त्याचा स्वतःचाच फोन.

"पाहुणं, काय करायलाव?"

"काही न्हाय. तुमच्या कळवण्याची वाट बघायलोय."

"त्येच कळवायलोय. पोरगी पसंत हाय. सुपारी कवा फोडायची?"

मी म्हटलं, "इतकी घाई?"

त्यानं पायावर फुंकर मारल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाला, "डांबर लई तापलंय."

सुपारीच्या आधी मी सोलापूरला गेलो. डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून बुटाच्या दुकानात शिरलो आणि काटेवाल्यांचा नऊ नंबर मागितला. दुकानदार मला ओळखतो. त्यानं आवाज ओळखला, टॉवेलाकडं बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक हाय ना. मी म्हटलं, लेकीचं लग्न ठरतंय. तो म्हणाला, मग बरोबर, माणसाला काय काय करावं लागतं.

सुपारीला पाहुणे आले. या वेळी मुलाचा बाप गल्लीतून चालत आला तेव्हा बायका त्याच्या पायावर पाणी घालत होत्या, नवसाचा माणूस म्हणून. त्याच्या टाचा आता असल्या झाल्या होत्या की त्यावर कोयता घासला असता तर धार निघाली असती. मी त्याला पाटावर बसवलं आणि मानपानात खोकं पुढं केलं. त्यानं उघडलं. काट्याची नक्षी बघून माझ्याकडं बघितलं. पुन्हा खोक्यात बघितलं. नवं रबर नाकाशी नेऊन डोळे मिटले. घालता तर येत नव्हते. नव्या बाळाला झाकावं तसं त्यानं कागदानं ते झाकलं आणि खोकं मांडीवरच धरून बसला.

"पाहुणं," तो म्हणाला, "तुमी स्वतः आणलं?"

"स्वतः."

"लोकांनी बघितलं न्हाय ना?"

"टॉवेल होता."

त्यानं मान डोलावली. आपल्यातला एखादा माणूस दुसऱ्याचं दुःख समजून घेतो तशी.

मग गुरुजींनी पंचांग काढलं. पाहुणा त्यांच्या बोटाबरोबर पुढं वाकत गेला. "जवळचा धरा," तो म्हणाला. "सगळ्यात जवळचा. गोरज चालंल, भर दुपारचा बी चालंल."

गुरुजींनी एक जवळचा मुहूर्त सांगितला. पाहुण्याचे पाय पाटावर आपोआप हलले. तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी लेक ताट खाली ठेवून पाहुण्याला म्हणाली, "मामा, माझी परीक्षा हाय. ती झाल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही."

मुलीनं सासऱ्यापुढं अशी अट घालायची आमच्याकडं रीत नाही. दुसरा कुणी असता तर पंचांग मिटून घरी गेला असता. बायकोनं माझा हात धरला, मी बोलू नये म्हणून. मी बोललो नाही.

पाहुण्यानं आपल्या तळव्यांकडं बघितलं. मग मांडीवरच्या खोक्याकडं. मग माझ्या लेकीकडं, बराच वेळ.

"कवा संपतीय?" त्यानं विचारलं.

"मे अखेर."

त्यानं डोळे मिटले. मे महिना, जळकोट, हमरस्ता, हे सगळं त्याला आत दिसलं असणार. मग डोळे उघडून तो म्हणाला, "हुंदे. पर बाई, पेपर समदे पहिल्या झटक्यात काढ. एखादा ऱ्हायला, तर माझं पाय ऱ्हायचं न्हाईत."

सुपारी फुटली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला फोन येतो. माझी चौकशी नाही, पावसाची नाही, बुटाचा विषयही नाही. एकच प्रश्न, "पोरगी उठली का अभ्यासाला?" आणि ती उठली असं मी सांगितल्याशिवाय तो माणूस अंथरुणावरून पाय खाली ठेवत नाही.